नको असलेलं टपाल

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याची धाटणी शक्य तेवढी तशीच ठेवली आहे.)



सर्वप्रथम रौप्यमहोत्सवाबद्दल आपलं मनापासून अभिनंदन. पंचवीस वर्षं गृहनिर्माण संस्था चालवणं म्हणजे काय, ते पाण्याच्या टाकीपासून पार्किंगपर्यंतची भांडणं ज्याने मिटवली त्यालाच कळतं. तुमची इमारत उभी आहे आणि तुम्ही अजून एकमेकांशी बोलता, ही दोन्ही कौतुकाची गोष्ट आहे.

समितीने मला विषय दिला तो ई-मेलमधल्या स्पॅमचा. मघाशी चहाच्या वेळी एक काका मला म्हणाले, “अहो, रौप्यमहोत्सवात हे काय काढलंत? गच्चीच्या गळतीवर बोला, लोक कान देऊन ऐकतील.” मी म्हटलं, काका, ही गळतीच आहे. फरक इतकाच की ती छतातून नाही, खिशातून होते.

विषय का निवडला ते चिटणीसांनी मला सांगितलं. दोन गोष्टी झाल्या. वार्षिक सभेची नोटीस ई-मेलने गेली, आणि काही सभासदांकडे ती स्पॅमच्या फोल्डरमध्ये जाऊन बसली. सभेनंतर ते म्हणाले, आम्हाला कळवलंच नाही. दुसरीकडे, ‘तुमचं बँक खाते आज रात्री बंद होणार’ अशी मेल मात्र सगळ्यांच्या समोर, पहिल्या पानावर. म्हणजे घरचं पत्र अडगळीत आणि चोराचं पत्र दिवाणखान्यात. हे असं का होतं आणि जगाने त्यावर काय केलं, ते आज सांगतो. त्यात आपल्या पालघरचाही एक धडा आहे, तोही सांगतो.

सुरुवात कशी झाली

स्पॅम म्हणजे न मागता, एकाच वेळी हजारो-लाखो लोकांना पाठवलेली मेल. हा शब्द मुळात अमेरिकेतल्या डबाबंद मांसाचा, १९३७ सालचा. पुढे १९७० मध्ये मॉन्टी पायथन या इंग्लंडमधल्या विनोदी मंडळींनी एक प्रवेश केला. त्यात हॉटेलात काहीही मागा, स्पॅम येतंच, आणि शेवटी त्या शब्दाच्या गजरात कुणाचं बोलणंच ऐकू येत नाही. संगणकवाल्यांनी तो शब्द तिथून उचलला.

पहिली अशी मेल गेली ३ मे १९७८ ला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीतले गॅरी थर्क यांनी नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण सुमारे ४०० जणांना पाठवलं. तेव्हा इंटरनेट नव्हतं, त्याच्या आधीचं अर्पानेट होतं. लोक चिडले, कंपनीला समज मिळाली. पण संगणक विकलेही गेले! तिथेच घोटाळा झाला. पुढे १९९४ मध्ये अमेरिकेतल्या दोन वकिलांनी ग्रीन कार्डच्या लॉटरीची जाहिरात हजारो चर्चागटांवर एकदम टाकली आणि या धंद्याला तोंड फुटलं.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमने आणलेलं. जव्हारसारख्या डोंगरावरच्या गावात ते पोचायला आणखी काळ गेला. ज्यांनी तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट वापरलं त्यांना आठवत असेल. मिनिटांवर बिल यायचं. दहा मेल उतरवायला पंधरा मिनिटं, आणि त्यांतल्या सात भलत्याच. पाठवणाऱ्याला दमडी लागत नव्हती, खर्च घेणाऱ्याच्या माथी. २००५ साली ओईसीडी या देशगटासाठी सुरेश रामसुब्रमण्यन या भारतीय तज्ज्ञाने विकसनशील देशांतल्या स्पॅमवर अहवाल लिहिला. त्याचं सांगणं हेच होतं, की जिथे इंटरनेट महाग आणि तुटपुंजं, तिथे स्पॅमचा मार जास्त बसतो.

चेहरा कुणाचा, मुखवटा कुणाचा

आता मूळ दुखणं समजून घेऊ. ई-मेल पाठवण्याची पद्धत ठरली १९८२ मध्ये. तेव्हा हे जाळं वापरणारे लोक थोडे, बरेचसे विद्यापीठांतले आणि संशोधन संस्थांतले. एकमेकांवर विश्वास. त्यामुळे ‘पाठवणारा’ म्हणून जे नाव लिहाल ते तपासायची सोयच त्यात ठेवली नाही. पोस्टातल्या पाकिटासारखं. पाकिटाच्या मागे मी ‘प्रेषक : जिल्हाधिकारी, पालघर’ असं लिहून पेटीत टाकलं तर पोस्टमन काही मला अडवणार नाही.

आपल्या जव्हार-मोखाड्यात बोहाडा होतो. गणपती येतो, देवी येते, राक्षस येतात, सगळ्यांच्या तोंडावर मुखवटे. पण कोणतं सोंग कोणत्या घराचं, हे सगळ्या गावाला माहीत असतं. मुखवट्यामागचा माणूस ओळखीचा, म्हणून ती मजा. ई-मेलमध्ये मुखवटा तोच राहिला आणि गाव मात्र सगळ्या जगाएवढं झालं. बँकेचा मुखवटा लावून कोण आलंय, ते कुणालाच ठाऊक नाही.

मग प्रश्न येतो, इतका फसवा माल कुणी घेतं तरी का? २००८ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी हे मोजलं. स्पॅम पाठवणाऱ्या एका जाळ्यात ते शिरले आणि हिशेब ठेवला. २६ दिवस, सुमारे ३५ कोटी मेल, आणि गिऱ्हाइकं मिळाली २८. पस्तीस कोटींत अठ्ठावीस! तुम्ही-आम्ही असा धंदा दुसऱ्या दिवशी बंद करू. पण पाठवायचा खर्चच नाही म्हटल्यावर अठ्ठावीसही नफ्यात. ह्या मेल पाठवतं कोण? आपलेच संगणक. व्हायरस शिरलेले घरगुती संगणक, मालकाच्या नकळत दिवसरात्र मेल ओकत असतात. अशा बाधा झालेल्या संगणकांच्या टोळीला बॉटनेट म्हणतात. त्या काळात जगातल्या दहा मेलपैकी आठ-नऊ स्पॅम असायच्या. आजही प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे. आपल्याला तेवढ्या दिसत नाहीत, कारण वाटेत कुणीतरी त्या अडवतं. ते कुणीतरी कोण, ते पुढे येईलच.

कायदा करून बघितला

त्रास झाला की आपण आधी काय म्हणतो? “कायदा करा.” जगानेही तेच केलं. युरोपने २००२ मध्ये नियम केला, की जाहिरातीची मेल पाठवण्याआधी माणसाची संमती घ्या. ऑस्ट्रेलियाने २००३ मध्ये कायदा केला. अमेरिकेचा कायदाही २००३ चा, पण त्याची रीत उलटी. तिथे पाठवायला हरकत नाही, समोरच्याने ‘नको’ म्हटलं की थांबायचं, आणि पाठवणाऱ्याने स्वतःचं नाव-पत्ता खोटा द्यायचा नाही. एकाच्या घरी बेल वाजवून आत यायचं, दुसऱ्याच्या घरी आत येऊन बसायचं आणि ‘जा’ म्हटल्यावर उठायचं. आता या दोन घरांनी मिळून चोर पकडायचा म्हणजे पंचाईत होणारच.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा आला २००० साली. १७ ऑक्टोबरपासून तो लागू झाला. म्हणजे आपली संस्था आणि हा कायदा एकाच वयाचे. त्यात स्पॅमबद्दल काही नव्हतं. पुढे दुरुस्ती होऊन २००९ मध्ये कलम ६६ अ आलं. त्याचा एक भाग सरळ ई-मेलबद्दल होता. त्रास देण्यासाठी किंवा मेल कुठून आली याबद्दल फसवण्यासाठी मेल पाठवली तर तीन वर्षांपर्यंत कैद. वाचायला छान. स्पॅमवर बोट ठेवणारं आपल्या देशातलं हे एवढंच कलम होतं.

पण त्या कलमाची भाषा भारीच ढोबळ होती. ‘त्रास’, ‘गैरसोय’ म्हणजे काय, कुणाला वाटली तर, याचा पत्ताच नाही. आणि मग आली आपल्या पालघरची गोष्ट. नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर मजकूर लिहिला, तिच्या मैत्रिणीने तो पसंत केला. दोघींना अटक झाली, आणि कलम लावलं ६६ अ. तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो, पालघर जिल्हा व्हायला अजून दोन वर्षं होती. देशभर गदारोळ उठला. पुढे तो खटला चाललाच नाही, पण त्या अटकेवरून सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली. श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार या नावाने ते प्रकरण आज कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत आहे. २४ मार्च २०१५ ला न्यायालयाने ६६ अ पूर्ण रद्द केलं, अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आड येतं म्हणून.

निकाल योग्यच झाला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या कलमाबरोबर ई-मेलचा तो तुकडाही गेला, आणि त्याच्या जागी दुसरा आला नाही. नको असलेल्या फोन आणि एसएमएससाठी ट्रायचे नियम आहेत, १९०९ ला कळवता येतं. दुसऱ्याचं सोंग घेऊन संगणकावरून फसवलं तर कलम ६६ ड आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. पण स्पॅम मेलसाठी म्हणून स्वतंत्र कायदा आपल्याकडे आजही नाही.

यातून धडा कोणता घ्यायचा? माझ्या मते असा. जाळं उंदरासाठी लावलं आणि अडकल्या चिमण्या. एकही मोठा स्पॅमवाला त्या कलमाखाली सापडल्याचं तुम्ही कधी ऐकलंत का? मी नाही ऐकलं. पत्रात काय लिहिलंय, ते कुणाला खटकतं, हे तपासायला गेलं की शेवटी सामान्य माणूस सापडतो. तपासायचं असेल तर पत्र खरोखर कुणाकडून आलं ते तपासा. मजकुरावर पहारा नको, दाराशी ओळखपत्र हवं. ही एक गोष्ट तुम्ही आज घरी नेलीत तर माझं येणं सार्थकी लागलं.

देशांनी एकमेकांना हाक मारली

तुम्ही म्हणाल, चोर एका देशात, संगणक दुसऱ्या, गिऱ्हाईक तिसऱ्या, मग पोलिसांनी धावायचं कुठे? अगदी बरोबर. २००४ च्या जानेवारीत बिल गेट्स दावोसला म्हणाले होते, दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न संपेल. एवढ्या मोठ्या माणसाचाही अंदाज चुकला, कारण प्रश्न एकट्या कंपनीचा किंवा एकट्या देशाचा नव्हता.

त्याच साली ऑक्टोबरमध्ये अनेक देशांच्या ग्राहक संरक्षण आणि दूरसंचार खात्यांची माणसं लंडनला जमली आणि एक कार्यक्रम ठरवला, लंडन कृती आराखडा म्हणून. काय ठरवलं? फार मोठं काही नाही. प्रत्येक देशाने एक माणूस नेमायचा, ज्याला दुसऱ्या देशाने फोन करायचा. तपासाची माहिती द्यायची-घ्यायची, एकमेकांना शिकवायचं. आपल्याकडे दोन इमारतींचे चिटणीस एकमेकांचा नंबर ठेवतात, तसंच. पण हाच नंबर नसल्यामुळे महिनेच्या महिने वाया जात होते. २००६ मध्ये ओईसीडीने कायदा, तंत्र, लोकशिक्षण आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य या सगळ्यांची एकत्र मांडणी करून दिली, की एकट्या औषधाने हा रोग जाणार नाही.

सहकार्य झालं की काय होतं याचं एक उदाहरण. कॅलिफोर्नियात मॅककोलो नावाची सर्व्हर भाड्याने देणारी कंपनी होती. जगातल्या मोठमोठ्या बॉटनेटना हुकूम सुटायचे ते तिच्या सर्व्हरवरून. अभ्यासकांनी पुरावे जमवले, ब्रायन क्रेब्ज या पत्रकाराने ते तिला इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांसमोर ठेवले. ११ नोव्हेंबर २००८ ला त्यांनी तिची तार कापली. आणि जगातलं स्पॅम एका दिवसात निम्म्याहून खाली आलं! पोलीस नाहीत, कोर्ट नाही, नुसतं नळाचं कनेक्शन तोडलं. पण काही महिन्यांत ते पुन्हा चढलं, कारण टोळ्यांनी दुसरीकडे बिऱ्हाड केलं. एका दिवसाची मोहीम पुरत नाही, रोज झाडावं लागतं.

पैशाच्या वाटेनेही शोध झाला. २०११ मध्ये संशोधकांनी स्पॅममधून विकला जाणारा माल मुद्दाम विकत घेतला आणि पैसे कुठे जातात ते पाहिलं. औषधं, नकली घड्याळं, चोरीचं सॉफ्टवेअर, दुकानं शेकडो. पण ९५ टक्के व्यवहारांचे पैसे मूठभर बँकांतून जात होते. नद्या शंभर, खिंड एक. खिंड कुठे आहे ते कळलं की अडवणं सोपं.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलतो. चोर नेहमी परदेशातच असतो असं समजू नका. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडला कॉल सेंटरवर धाड घातली. मीरा रोड म्हणजे विरार लोकलच्या वाटेवरचं स्टेशन. तिथून अमेरिकेतल्या लोकांना फोन जायचे, “आम्ही कर खात्यातून बोलतोय, पैसे भरा नाहीतर अटक होईल.” घाबरलेली म्हातारी माणसं पैसे भरायची. मार्ग फोनचा होता, मेलचा नव्हता, पण युक्ती तीच, सरकारचं सोंग. शेकडो तरुण मुलं-मुली तिथे काम करत होती, सुमारे सत्तर जणांना अटक झाली. त्याच महिन्यात अमेरिकेने अशाच फसवणुकीबद्दल ५६ माणसं आणि अहमदाबादची पाच कॉल सेंटरं यांच्यावर आरोप ठेवले. पुढे तिथे वीसहून जास्त जणांना शिक्षा झाली, एकाला सिंगापूरहून अमेरिकेच्या ताब्यात दिलं गेलं. तिकडच्या आजोबांना इकडच्या पोराने फसवलं, आणि तिकडच्या-इकडच्या तपासाशिवाय ते थांबलं नसतं. आपल्या घरातल्या नोकरी शोधणाऱ्या मुलांनाही हे सांगा. “फक्त इंग्रजीत बोलायचंय, पगार चांगला” म्हणणाऱ्या प्रत्येक जागी काम काय आहे ते आधी विचारा.

शिक्कामोर्तब

आता दाराशी ओळखपत्र मागायचं कसं, ते सांगतो. थोडं तांत्रिक आहे, पण सोसायटीच्या भाषेत सांगतो.

आधी गाळणी आल्या. कोणते शब्द स्पॅममध्ये जास्त येतात ते मोजून मेल वेगळी काढायची. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांच्या लेखाने ही रीत लोकप्रिय केली. त्याआधीच, १९९८ मध्ये सुरू झालेली स्पॅमहाउस नावाची संस्था वाईट पत्त्यांची यादी ठेवू लागली होती, आणि जगभरचे मेल सर्व्हर ती यादी बघून दार लावू लागले. पण गाळणी चाळते तेव्हा कोंड्याबरोबर दाणेही जातात. तुमच्या सभेची नोटीस गेली ती अशीच.

मग ओळखीच्या तीन व्यवस्था आल्या.

पहिली, एसपीएफ. समजा आपल्या गेटवरच्या वहीत प्रत्येक घराने लिहून ठेवलंय, ‘आमच्या घरी दूध अमुकच देतो, गॅस तमुकच आणतो.’ वॉचमन वही बघतो, नाव नसेल तर थांबवतो. तसंच बँक जाहीर करते, माझ्या नावाने मेल पाठवायचा अधिकार फक्त या-या सर्व्हरना.

दुसरी, डीकिम. शिरपामाळावर राहणाऱ्यांना मी इथल्या नावाची गोष्ट सांगायला नको. सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराज इथे थांबले, जव्हारच्या विक्रमशाह राजांनी शिरपेच देऊन त्यांचा सन्मान केला, अशी आपली परंपरा सांगते. ती स्वारी १६६४ च्या जानेवारीतली. त्या काळचं राजपत्र कसं असायचं? माथ्यावर मुद्रा, म्हणजे पत्र कुणाचं ते कळावं. आणि मजकूर संपला की तिथे मोर्तब, म्हणजे त्याखाली कुणी एक ओळही घुसडू नये. डीकिम हेच करतं. पाठवणारा आपल्या गुप्त किल्लीने मेलवर गणिती शिक्का मारतो, आणि त्याने जाहीर ठेवलेल्या दुसऱ्या किल्लीने कुणीही तो तपासू शकतो. वाटेत एक अक्षर बदललं तरी शिक्का जुळत नाही. याहू आणि सिस्को या दोन कंपन्यांनी आपापल्या कल्पना एकत्र करून हे तंत्र उभं केलं आणि २००७ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं प्रमाण झालं.

तिसरी, डीमार्क. ही वॉचमनला दिलेली सूचना. ‘वहीत नाव नसेल, शिक्का जुळत नसेल, तर आत सोडू नको. आणि माझं नाव सांगून कोण आलं होतं ते मला कळव.’ २०१२ मध्ये मोठ्या मेल कंपन्या आणि बँका एकत्र येऊन ती जाहीर झाली.

ही तिन्ही तंत्रं अनेक वर्षं ऐच्छिक होती. ज्याला वाटेल तो वापरील. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने सांगितलं, मोठ्या प्रमाणावर मेल पाठवायच्या तर ही ओळख दाखवावीच लागेल. जीमेलवर दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीची. जाहिरातीची मेल एका टिचकीत बंद करायची सोय हवी, आणि हजार मेलमागे तक्रारी तीनच्या खाली हव्यात. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही २०२५ मध्ये बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ असा वेगळा पत्ता ठरवून दिला. बँक सोडून दुसऱ्या कुणाला तो मिळत नाही.

पण एक लक्षात ठेवा. शिक्का खरा म्हणजे माणूस प्रामाणिक, असं नाही. चोर स्वतःचाच, बँकेच्या नावासारखा दिसणारा पत्ता विकत घेतो, त्यावर स्वतःचा खरा शिक्का मारतो. म्हणून पत्त्याचं शेपूट वाचायची सवय लावा. नावाकडे बघू नका, शेवटी काय लिहिलंय ते बघा.

आपण काय करायचं

मघाशी म्हटलं, वाटेत कुणीतरी अडवतं. ते कुणीतरी म्हणजे ही सगळी साखळी. कुठल्याशा देशातला तपास अधिकारी, यादी ठेवणारी संस्था, मेल कंपनी, आणि शेवटची कडी तुम्ही. तुम्ही ‘स्पॅम’चं बटण दाबता तेव्हा ती एक तक्रार नोंदली जाते आणि त्यातून गाळणी शिकते. म्हणून बटण विचार करून दाबा. चिटणीसांशी भांडण झालं म्हणून संस्थेच्या मेलवर दाबू नका. तुम्ही रागाने दाबलंत की दुसऱ्या मजल्यावरच्या आजींची नोटीसही स्पॅममध्ये जाते. हसू नका, असं होतं!

समितीला माझ्या काही सूचना आहेत.

संस्थेचा ई-मेल पत्ता संस्थेच्या नावाचा असावा, चिटणीसांचा वैयक्तिक नको. पदाधिकारी बदलले की पासवर्ड बदलावा, आणि दुहेरी पडताळणी चालू ठेवावी. सभासदांना मेल पाठवताना सगळ्यांचे पत्ते उघडे टाकू नयेत, ‘बीसीसी’च्या रकान्यात टाकावेत. एक संगणक बिघडला तर सगळ्यांचे पत्ते चोराच्या हाती नकोत.

वार्षिक सभेची नोटीस चौदा दिवस आधी द्यायची असते. ती मेलने जरूर द्या, पण फलकावरही लावा आणि ज्येष्ठांच्या हातात कागदही द्या. सभासदांनी संस्थेचा पत्ता आपल्या संपर्कांच्या यादीत घालून ठेवावा, म्हणजे नोटीस सहसा हरवणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. समजा उद्या तुम्हाला संस्थेच्या नावाने मेल आली, ‘देखभालीचे पैसे यापुढे या नव्या खात्यात भरा.’ किंवा खजिनदारांना कंत्राटदाराच्या नावाने आली, ‘आमचं खातं बदललंय.’ आज इथे ठराव करा, की आपली संस्था बँक खात्यातला बदल मेलने कधीच कळवणार नाही आणि मेलवरून कधीच स्वीकारणार नाही. बदल असेल तर फलकावर सहीशिक्क्यानिशी. कंत्राटदाराला फोन करायचा तो मेलमधल्या नंबरवर नाही, आपल्या रजिस्टरमधल्या जुन्या नंबरवर. पंचवीस वर्षं पै-पै करून जमवलेला दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड एका टिचकीत जाऊ शकतो. तो गेला तर गच्चीची गळती कोण दुरुस्त करणार, काका?

घरातला संगणक मंद झालाय, आपोआप काहीबाही करतोय, असं वाटलं तर तपासून घ्या. केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून त्यासाठी मोफत साधनं देतं. आपला संगणक स्वच्छ ठेवला तर कुणा दूरच्या माणसाला आपल्याकडून त्रास जाणार नाही. कचरा शेजाऱ्याच्या दारात टाकायचा नाही, हा नियम इथेही लागू.

आणि फसवणूक झालीच तर लपवू नका. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा, मग सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात. जितकं लवकर कळवाल तितकं वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. घरातल्या मुलांनो, आई-बाबा किंवा आजोबा फसले तर त्यांच्यावर ओरडू नका. ओरडलात तर पुढच्या वेळी ते तुम्हाला सांगणारच नाहीत, आणि चोराला हवा असतो तो नेमका हाच वेळ. दर महिन्याच्या एका रविवारी कुणी एक तरुण सभासद खाली कार्यालयात तासभर बसला आणि ज्येष्ठांनी आपापला फोन घेऊन “ही मेल खरी का खोटी?” एवढं विचारलं, तरी पुष्कळ काम होईल.

बंधू-भगिनींनो, लंडनला जमलेल्या देशांनी केलं ते आणि तुम्ही पंचवीस वर्षं इथे करत आलात ते, यात मला फार फरक दिसत नाही. एकमेकांचा नंबर ठेवायचा, आलेल्या माणसाचं नाव विचारायचं, आपला कचरा आपण उचलायचा आणि शेजारी फसला तर आधी त्याच्या बाजूने उभं राहायचं. सहकारी संस्थेला हे नव्याने शिकवायला नको.

तो बँक खात्याबद्दलचा ठराव मात्र आजच करून टाका. सूचक-अनुमोदक इथे बसलेलेच आहेत.

आपल्या संस्थेच्या पुढच्या वाटचालीला मनापासून शुभेच्छा.